ताकाचा पेला, माया पद्धतीने

माझ्या लग्नातल्या स्टीलच्या वाट्यांवर 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं आहे. त्यामुळे मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचे रंगवलेले पेले (साधारण इ.स. २५० ते ९००) मला एकदम घरचेच वाटले. त्यांच्याही काठावर अनेकदा पेला कुणाचा आणि त्यात काय प्यायचं, हे लिहिलेलं असतं. ग्वाटेमालात रिओ आसुल या जुन्या माया शहरातल्या थडग्यात मिळालेल्या भांड्यावर कोकोचं नाव होतं आणि आत कोकोचे अंशही सापडले.

असा पेला इंदुरात आमच्या गच्चीवर करता येतो. चाक विसरा, माया कुंभारांकडे ते नव्हतंच. मालव्याची काळी माती वाळताना फार आवळते, म्हणून कुंभाराकडून कालवलेली घ्या आणि चार वाट्यांत एक वाटी चाळलेली विटेची भुकटी मळा. (माया कुंभार बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीची राख घालत.) मातीच्या चकतीवर मातीच्याच वळकट्या चढवत वीतभर उंच, सरळ भिंतीचा पेला करा. सावलीत वाळवा. घाई केली तर काय होतं ते मी पाहिलंय: माझे पहिले दोन पेले आव्यात फुटले, आत ओल होती.

अर्धवट वाळला की चिनी माती आणि बॉल क्ले (बारीक, चिकट माती) समप्रमाणात, कढीइतकी पातळ करून दोन हात द्या. मग नर्मदेच्या गुळगुळीत गोट्याने घोटा. ही चमक घोटण्याचीच. काचेचा लेप माया भांड्यांवर नसतो. इथे कंटाळा करू नका, मी दोन संध्याकाळी घालवल्या. तांबड्याला गेरू, काळ्याला त्यातच मँगनीज डायऑक्साइड. धूळ रोखणारा मास्क लावून कालवा.

चित्र आधी कागदावर काढा आणि तो पेल्याभोवती गुंडाळून बघा. एका वेळी निम्मंच दिसतं, म्हणून फिरवताना पुढे काय येईल ते ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या प्रसिद्ध पेल्यावर दरबार भरलेला आहे आणि सिंहासनाखाली एक ससा पोथी लिहीत बसलाय! तो सापडेपर्यंत पेला फिरवत राहावं. अमेरिकन छायाचित्रकार जस्टिन केर यांनी मात्र फिरत्या पेल्याचं सबंध चित्र एका पट्टीत टिपणारा कॅमेराच तयार केला.

आता काठ. माया चिन्हं उगाच उतरवू नका, अर्थ हरवतो. त्यांच्या भाषेत लिहिणं आणि रंगवणं यांना 'त्सिब' हा एकच शब्द. आपणही 'चित्रलिखित' म्हणतोच. मी नातवासाठी काठावर बाळबोधीत लिहिलं: 'पिंट्याचा पेला, ताकाचा'. वर-खाली गेरूची रेघ.

पूर्ण वाळल्यावर कुंभाराच्या आव्यात द्या. ताक मात्र ओतू नका. भांडं पाझरतं आणि मँगनीज पोटात जायला नको. आमच्या पेल्यात पिंट्याच्या पेन्सिली आहेत. काठावर अजून 'ताकाचा'च आहे.