नवी एकपेशीय प्रजाती सापडली? आधी या चुका टाळा

तळ्यातल्या पाण्याच्या थेंबात ओळखीचं न वाटणारं काही दिसलं, की ते जुनंच कुणीतरी वेगळ्या अवतारात आलंय असं धरून चालावं. बहुतेक वेळा तसंच निघतं.

सगळ्यात जास्त घोळ काचपट्टीवर होतो. कव्हरस्लिपखालचं पाणी सुकत जातं, काच खाली बसते आणि जीव चेपला जातो. मघाशी चपलेच्या तळव्यासारखं सडपातळ दिसणारं पॅरामिशियम आता रुंद, गोलसर होतं, कडेला फुगे येतात, आणि वहीत ‘अनोळखी’ अशी नोंद पडते. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांखाली व्हॅसलिनचा बारीक ठिपका लावा, कडेनं अधूनमधून पाणी सोडा. पहिलं रेखाटन जीव मोकळा पोहत असतानाच करा. आयोडिन वगैरे नंतर. त्यानं पेशी आकसते.

एकच पेशी पाहून निकाल देऊ नका. देठावर डुलणारी व्हॉर्टिसेला (घंटेच्या आकाराचा एकपेशीय जीव) देठ सोडून पोहू लागली, की तिच्या मागच्या टोकाला पक्ष्माभिकांचा (पोहायच्या बारीक केसांचा) नवा पट्टा येतो आणि ती ओळखू येत नाही. नेग्लेरिया तर अमीबासारखा सरपटता सरपटता, पाण्यातले क्षार कमी झाले की, काही तासांत कशाभिका (चाबकासारखे लांब धागे) काढून पोहायला लागतो. म्हणून नमुना आठवडाभर जिवंत ठेवा. निदान 20-30 पेशी मोजा आणि सरासरीसोबत सर्वांत लहान व सर्वांत मोठं मापही लिहा.

हिरवा रंग म्हणजे शैवाल, हेही खरं नाही. पॅरामिशियम बर्सारिया हिरवं दिसतं ते पोटात सांभाळलेल्या शैवालपेशींमुळे. आणि तो जीव खरंच एकपेशीय आहे ना? मी एकदा तोंडाशी गरगरणाऱ्या पक्ष्माभिका पाहून छान चित्र काढलं, नावही मनात ठरवलं. मग आत जबडा चावताना दिसला. रोटिफर होता, म्हणजे चक्क बहुपेशीय प्राणी!

डीएनए चाचणीवर भिस्त ठेवणाऱ्यांची अडचण निराळी. पेशी स्वच्छ पाण्याच्या पाच-सहा थेंबांतून धुतली नाही, तर तिनं खाल्लेल्या जिवाचा 18एस जनुक (प्रजाती ओळखायला वापरतात तो) हाती येऊ शकतो. जनुक बरोबर मिळाला तरी तो एकटा पुरत नाही. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या पॅरामिशियम ऑरेलिया गटाच्या 14 प्रजातींना 1975 साली जीवशास्त्रज्ञ ट्रेसी सोनेबॉर्न यांनी नावं दिली, ती कोण कोणाशी जोडी जमवतं आणि विकरांत (एन्झाइममध्ये) काय फरक आहे यावरून.

नाव द्यायची वेळ आलीच, तर नियम कुणाचे ते आधी पाहा. पक्ष्माभिकाधारी जीव प्राणिनामकरणाच्या संहितेत येतात, शैवालं वनस्पतींच्या. युग्लिनावर दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. प्राण्यांच्या संहितेनुसार नुसता व्हिडिओ चालत नाही. प्रजातीचा मूळ नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी बांधलेलं राहतं तो, ठरवून द्यावा लागतो. पक्ष्माभिकाधारींसाठी तो सहसा चांदीच्या रंजकानं रंगवलेली कायमची काचपट्टी असतो. ती करायला पेशी भरपूर लागतात, तेव्हा नमुन्याची बाटली लवकर धुऊन टाकू नका.