ठाण्याची गाडी मनालीच्या बर्फात नेण्याआधी

लाल इशारा आला तरी ठाणेकर छत्री उघडून लोकल गाठतो. तेच हवामान खातं मनालीच्या कुलू जिल्ह्यासाठी किंवा पलीकडच्या लाहौलसाठी नारिंगी इशारा देईल तेव्हा हॉटेलातला मुक्काम वाढवा. 27 डिसेंबर 2024 ला मनालीपुढच्या सोलंग नाल्याजवळ सुमारे 1,000 गाड्या अडकल्या होत्या. मनालीहून लाहौलला नेणाऱ्या 9.02 किलोमीटरच्या अटल बोगद्यात रस्ता कोरडा असतो, पण त्याची दोन्ही तोंडं 3,000 मीटरच्या वर आहेत. आतल्या वेगानेच बाहेर पडलात की चाकाखाली थेट बर्फ.

आधी रेडिएटर बघा. इथे थंडी पडत नाही, म्हणून कमी झालेलं कूलंट नळाच्या पाण्याने भरायची सवय असते. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकही तडकवू शकतं. मेकॅनिककडून सगळं काढून घ्या आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका.

बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवायची चेन टायरच्या बाजूवर छापलेल्या मापाचीच घ्या, उदाहरणार्थ 195/55 आर 16. ती इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लागते. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. चेन टायरवर पसरा, आधी आतला हूक अडकवा, मग बाहेरचा. पन्नासेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणून घ्या. हे न केल्यास सैल चेन चाकाच्या कमानीवर आपटते, ब्रेकचा पाइपही तोडते. ताशी 30 च्या वर जाऊ नका. डांबर दिसलं की काढा. सराव सोसायटीच्या पार्किंगमध्येच करा, हातमोजे घालून. बोटं बधिर झाल्यावर हूक शिकता येत नाही.

उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर पाय जेमतेम. खरा धोका पांढऱ्या बर्फाचा नाही, पहाटे डांबरावर साचणाऱ्या पारदर्शक थराचा आहे. तो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर तो सर्वांत आधी धरतो.

रात्री हॅन्डब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करा.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. हीटरसाठी इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा, पण त्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोप लागल्यासारखं वाटतं. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

हिमवृष्टीत पोलिस अनेकदा मनालीच्या वर नेहरू कुंडापुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशा गाड्या सोडतात. तिथे हुज्जत न घालता आपली गाडी मनालीत लावून स्थानिक चालकाची घ्या. परतीच्या तारखेआधी मात्र दोन दिवस मोकळे ठेवा, रजा कमी असली तरी.