मुंबईत राहून गावच्या शेताला जिवंत कुंपण कसं घालावं

मुंबईतल्या चाकरमान्याच्या गावफेऱ्या ठरलेल्या: मे महिना, गणपती, शिमगा. जिवंत कुंपणाला, म्हणजे आपल्या वईला, माणसाचा हात लागतो तोही साधारण याच वेळी. जूनमधला एक शनिवार-रविवार तेवढा जास्तीचा काढावा लागतो. खांब आणि काटेरी तार घेण्याआधी याचा विचार जरूर करा. खाऱ्या हवेत तार गंजत जाते, वई मात्र दरवर्षी दाट होते आणि वर शेताला पाला देते.

मे महिन्यात आधी हद्द नक्की करा. शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या आणि शेजाऱ्याला सोबत घेऊनच दोरी धरा. भावकीतले निम्मे वाद बांधावरूनच पेटतात. वई हद्दीच्या दगडापासून दीड-दोन फूट आत, आपल्याच जमिनीत घ्या. पुढे छाटायला दोन्ही बाजूंनी जागा राहते. बांधावरून कुणाची जुनी वाट असेल तर ती मोकळी सोडा. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा होऊ शकतो, आणि शेजारधर्म तर त्याआधीच मोडलेला असतो.

मग फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून मातीत शेणखत मिसळा. याच दिवसांत करवंदं पिकलेली असतात. गर खा, बिया धुऊन सावलीत सुकवा आणि मुंबईला घेऊन या. त्या फार दिवस टिकत नाहीत, म्हणून लगेच दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून त्यात पेरा. खिडकीच्या ग्रिलमध्ये वर्षभर रोपं छान वाढतात.

लागवड जूनमध्ये, जमीन चांगली भिजल्यावर. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, तळकोकणात त्याआधी. दर तीन फुटांवर गिरिपुष्पाचा (उंदीरमारीचा) मनगटाएवढा जाड, पाच फुटी दांडा फूटभर खोल रोवा. खालचं टोक तिरकं तासा, साल सोलवटू देऊ नका आणि शेंडा-बूड उलटं होऊ देऊ नका. मधल्या जागेत निरगुडीची बोटाएवढी जाड छाटं वीतभर अंतरावर, दोन डोळे मातीत जातील अशी लावा. निरगुडीला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून वईचा खालचा भाग तिच्याकडेच द्यावा असं माझं ठाम मत आहे. दांडे गावातल्याच वईतून मागून घ्या. मुंबईत रस्त्याकडेच्या गिरिपुष्पाला कोयता लावू नका, तिथे महापालिकेची परवानगी लागते.

घाणेरी फुकट मिळते, झपाट्याने वाढते, तरीही नको. ती शेजारच्या रानात घुसते आणि मग कुणालाच आवरत नाही. मोगली एरंडाच्या बिया विषारी, शेर या झुडपाचा चीक डोळ्यांना घातक. घरात लहान मुलं असतील तर हे दोन्ही टाळा.

गणपतीत गेलात की वईतलं तण काढा आणि मेलेल्या छाटांच्या जागी नवी लावून नांग्या भरा. शिमग्याला दोन्ही बाजूंचं तीन-चार फूट गवत कापून टाका, नाहीतर एका वणव्यात सगळं जाईल.

पुढच्या जूनमध्ये ग्रिलमधली करवंदं निरगुडीच्या ओळीला लागून लावा आणि कोयता हातात घ्या. इथे भल्याभल्यांचा जीव तुटतो, पण छाटल्याशिवाय वई होत नाही. निरगुडी गुडघ्याएवढी ठेवून बाकीची कापा. शेंडा गेला की बुडाकडून चार-पाच फांद्या फुटतात आणि खालची भोकं बुजतात. न छाटलेली वई डोक्यावर जाते, खाली उघडी पडते आणि रानडुकराला सरळ दार मिळतं. गिरिपुष्प छातीएवढं छाटा. त्याच्या आडव्या फांद्या काथ्याने शेजारच्या दांड्याला बांधल्या तर दोन वर्षांत आपोआप जाळी होते. माथा अरुंद, बूड रुंद, हा आकार कायम ठेवा.

छाटण्याआधी पानं हाताने बाजूला करून बघा. शिंपी पक्षी पावसाळ्यात पानांच्या कडा तंतूंनी शिवून आत घरटं करतो, आणि हिरव्यात हिरवं ते चटकन दिसत नाही. घरटं असेल तर तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत ठेवा. बाकीचा पाला चिखलणीच्या आधी भाताच्या खाचरात पसरा.