वर्गशिक्षक रजेवर असताना विशेष गरजा असणारी मुले: या चुका टाळा

बदली शिक्षक म्हणून प्राथमिक वर्गावर गेल्यावर हजेरी घेऊन लगेच शिकवायला सुरुवात करणे ही सर्वांत पहिली चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी स्वमग्नता (ऑटिझम), विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण), कमी ऐकू येणे असे कितीतरी प्रकार मुलाकडे नुसते पाहून ओळखू येत नाहीत. म्हणून वर्गावर जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना किंवा शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना विचारून घ्यावे की कोणत्या मुलाला आधार लागतो, त्याला काय सोसत नाही आणि पालकांचा फोन क्रमांक कोठे आहे. हीच चौकशी वर्गात सर्वांसमोर करू नये. ती त्या मुलाच्या मनाला फार लागते.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत आपल्या सोयीसाठी बाकांची जागा किंवा तासिकांचा क्रम बदलणे महागात पडते. नेहमीच्या बाई दिसत नाहीत हाच त्याच्यासाठी मोठा बदल असतो, त्यामुळे दिवसाचा क्रम साध्या चित्रांसह फळ्यावर काढून ठेवावा आणि एकेक काम संपले की त्यावर खूण करावी. ‘माझ्याकडे बघून बोल’ असा आग्रह धरू नये. तो कान झाकून रडू लागल्यास आवाज चढवण्याऐवजी गोंगाट कमी करावा, त्याला शांत कोपरा द्यावा आणि थोडा वेळ प्रश्न विचारू नयेत.

वाचनात अडखळणाऱ्या मुलाला अनोळखी शिक्षकाने अचानक उभे करून प्रकट वाचन करायला लावू नये. त्याच धड्यावर तोंडी प्रश्न विचारल्यास त्याला किती समजले आहे ते कळते. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाशी ओरडून बोलणे किंवा फळ्याकडे तोंड करून सूचना देणे, या दोन्हींचा उपयोग होत नाही. त्याच्यासमोर, चेहऱ्यावर उजेड येईल असे उभे राहून नेहमीच्या आवाजात बोलावे.

सर्वांत धोकादायक चुका फिट आल्यावर होतात. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, पाणी पाजणे यांपैकी काहीही करू नये. आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटके ५ मिनिटांपेक्षा अधिक चालले, लागोपाठ पुन्हा आले किंवा मुलाला पहिल्यांदाच आले असतील, तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पालकांना कळवावे.

खेळाच्या तासाला दिव्यांग मुलाला ‘तू बस, पडशील’ असे सांगणेही काळजीपोटीच होते, पण त्यामुळे मूल एकटे पडते. कसे खेळता येईल हे त्यालाच विचारावे. त्याने ते बहुधा आधीच ठरवलेले असते.

शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांसाठी चिठ्ठी ठेवावी. त्रास केव्हा आणि कशामुळे सुरू झाला, कशाने थांबला आणि कोणते काम अपुरे राहिले, एवढे त्यात नेमके लिहावे. ‘त्रास दिला’ एवढ्या शेऱ्याचा त्यांना काहीच उपयोग होत नाही.