केमो चालू असताना मुलांची हालचाल: या चुका टाळा

मुलाला कॅन्सर आहे असं कळलं की घरात पहिला नियम ठरतो: आता पळायचं नाही, खेळायचं नाही, नुसता आराम. त्यामागे माया असते, भीती असते. पण लहान मुलांची फिजिओथेरपी करताना मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. एवढा काळ पलंगावर काढलेल्या मुलाला नंतर साधा जिनासुद्धा डोंगर वाटतो.

"थकलाय, झोपू दे"

केमोचा थकवा झोपेने पुरता जात नाही. उलट पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. म्हणून हालचाल बंद करू नका, तिचे तुकडे करा. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी. मूल दिवसात कधी ताजंतवानं असतं ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा आणि तीच वेळ धरा. केमोसोबत स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात त्या दिवसांत मूल चिडचिडं होतं, अंग दुखतं. त्या दिवशी पलंगावर बसून फुगा उडवला तरी खूप झालं.

"हट्टीपणा करतो"

एक सहा वर्षांची मुलगी जिना चढायला रोज रडायची. कडेवर घ्यावं म्हणून नाटक करते, असं आईला वाटायचं. मी तिच्या चपला उलट्या करून पाहिल्या. पुढची टोकं घासून गुळगुळीत झाली होती, टाचा जवळजवळ नव्या. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने पायाच्या नसा कमजोर होतात, पाऊल पुढून उचललं जात नाही आणि बोटं जमिनीला घासतात. ती पोर नाटक करत नव्हती.

घरी पाहायचं असेल तर मुलाला टाचांवर चालायला सांगा. जमत नसेल, किंवा जमिनीवरून उठताना ते मांडीवर हात रोवत असेल (स्टेरॉइडने मांड्या-कमरेचे स्नायू दुबळे होतात), तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा. पोटरी ताणण्याचे व्यायाम, गरज पडल्यास पावलाला आधार देणारा स्प्लिंट, हे जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. खुब्याचा सांधा किंवा गुडघा दुखून मूल लंगडायला लागलं तर मात्र मालिश-व्यायाम करत बसू नका. स्टेरॉइडने हाडाचा रक्तपुरवठाही बिघडू शकतो, तेव्हा आधी तपासणी.

रिपोर्ट न विचारता खेळायला सोडणं

ही दुसऱ्या टोकाची चूक. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना आपटणं, धक्काबुक्की, उड्या नकोत. साधारण ५०,००० च्या खाली बहुतेक डॉक्टर असे खेळ थांबवतात, पण तुमच्या मुलासाठीचा आकडा विचारूनच घ्या. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की व्यायाम बंद आणि लगेच हॉस्पिटलला फोन. छातीतून किंवा दंडातून औषधाची नळी बाहेर असेल तर पोहणं नको. हाडाच्या गाठीचं ऑपरेशन झालं असेल तर पायावर किती भार द्यायचा ते सर्जननेच सांगायचं.

व्यायाम फक्त पेशंटचा

चार माणसं खुर्चीत बसून "चल, हात वर कर" म्हणतात तेव्हा मुलाला ती आणखी एक ट्रीटमेंट वाटते. भावंडांना खेळात घ्या. तीही या काळात एकटी पडलेली असतात. आणि आई-बाबा, महिनोन् महिने वॉर्डातल्या खुर्चीत बसून तुमचीही कंबर धरते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल सांगते. त्यातली काही मिनिटं मुलासोबतच होऊ शकतात. सलाइनचा स्टँड एका हाताने ढकलत, दुसऱ्या हातात त्याचा हात: आज नर्सच्या टेबलापर्यंत, उद्या कॉरिडॉरच्या खिडकीपर्यंत. स्टँडची चाकं आधी तपासा, आणि नळी पायात येणार नाही अशा बाजूने तुम्ही चाला.