सापडलेले पीस समुद्र गरुडाचे आहे का? ओळखताना या चुका टाळा

कोकणच्या पुळणीवर मोठे, करड्या-पांढऱ्या रंगाचे पीस दिसले की ते समुद्र गरुडाचेच, असे सांगणारा कोणीतरी हमखास भेटतो. पांढऱ्या पोटाचा हा समुद्र गरुड रत्नागिरीकडे काकण म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर भरतो, त्यामुळे असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु पीस अंगाच्या कोणत्या भागातले आहे हे ठरवण्याआधीच त्याला पक्ष्याचे नाव देणे ही पहिली चूक होय, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

म्हणून आधी दांड्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. एक बाजू अरुंद आणि दुसरी बरीच रुंद असेल, तर ते बहुधा पंखाच्या टोकाकडचे पीस असते. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतील आणि दांडा सरळ असेल, तर ते शेपटीच्या मधल्या भागातले असण्याची शक्यता अधिक. टोकाकडच्या पिसात मध्येच खाच येऊन पुढचा भाग एकदम निमुळता झालेला असेल, तर तो पक्षी आकाशात घिरट्या घालताना पंखांची टोके बोटांसारखी फाकवणारा आहे, एवढे समजते. मात्र अशी खाच गिधाडांच्या आणि करकोच्यांच्या पिसांतही असते, त्यामुळे तिच्यावरून थेट गरुड ठरवू नये.

रंगाची फसगत सर्वाधिक शेपटीच्या पिसात होते. प्रौढ काकणाच्या शेपटीचे पीस बुडाकडे काळपट आणि टोकाकडे स्वच्छ पांढरे असते. पिल्लाच्या शेपटीत हाच क्रम उलटा, म्हणजे बुडाकडे मळकट पांढरा रंग आणि टोकाजवळ तपकिरी पट्टा. प्रौढाचा पिसारा यायला चार-पाच वर्षे लागतात आणि मधल्या काळात संमिश्र पिसे मिळतात. त्यामुळे केवळ प्रौढ पक्ष्याच्या छायाचित्राशी पीस ताडून ‘हे काकणाचे नाही’ असा निर्णय देणे घाईचे ठरते.

उलट दिशेची चूक कुरवांमुळे, म्हणजे किनाऱ्यावरच्या सीगल पक्ष्यांमुळे होते. मोठ्या कुरवाच्या पंखटोकाचे पीस काळे असून त्याच्या शेंड्याशी पांढरा ठिपका असतो, आणि तेच गरुडाच्या शेपटीचे म्हणून मिरवले जाते. कुरवाचे ते पीस अरुंद व टोकदार असते, तर काकणाच्या शेपटीचे पीस रुंद असून त्याच्या टोकाचा मोठा भाग सलग पांढरा असतो. पंखाच्या पिसावर एकाआड एक स्पष्ट आडवे पट्टे असतील, तर ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या हिवाळी पाहुण्या शिकारी पक्ष्याचा विचार आधी करावा, कारण प्रौढ काकणाची उड्डाणपिसे एकरंगी गडद असतात. तांबूस पीस मात्र ब्राह्मणी घारीचे किंवा मोराच्या पंखातले असू शकते. काकणाच्या यादीतून ते लगेच वगळावे.

केवळ लांबीवर विसंबणे हेही धोक्याचे आहे. साध्या घारीच्या पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर असतो, आणि तिच्या पंखटोकाचे लांब पीस काकणाच्या पंखातील आतल्या, आखूड पिसाइतके सहज भरू शकते. लांबी पाहायची ती पीस कुठले हे ठरल्यानंतरच.

घरट्याखाली मिळालेले पीस घरट्याच्या मालकाचेच, हा तर्कही तपासून घ्यावा. काकण प्रामुख्याने मासे व समुद्री साप खात असला, तरी पाणपक्षीही मारतो, त्यामुळे खाली पडलेल्या हाडकांत बगळ्याचे पीस निघाले तर आश्चर्य नको. विणीच्या काळात, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून, पिसे शोधण्यासाठी घरट्याच्या झाडाखाली रेंगाळणे तर टाळावेच, त्रास झाल्यास पक्षी घरटे सोडून जाण्याचा धोका असतो.

छायाचित्र काढताना नुसता तळहात मापाला ठेवू नये, मोजपट्टी ठेवावी. ओले पीस आधी वाळू द्यावे, कारण भिजल्यावर रंग गडद दिसतो आणि पात्याची रुंदी कमी भासते. वरची व खालची बाजू, दांड्याचे बूड आणि टोक अशी वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत, ठिकाण आणि तारीख नोंदवावी. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने पीस घरी नेऊन शोकेसमध्ये लावणे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरू शकते. छायाचित्रे झाल्यावर ते होते तिथेच ठेवावे.