मळ्यातल्या वस्तीवर चोरी होऊ नये म्हणून काय काय करायचं (कॅमेरा घ्यायच्या आधी)

हे मळ्यात राहणाऱ्यांसाठी लिहितोय. गावठाणापासून किलोमीटर-दीड किलोमीटर लांब घर, शेजारी गोठा, कांद्याची चाळ, थोडं पुढं विहीर, आणि बाजूची वस्ती हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल एवढ्या अंतरावर. नाशिक-नगर पट्ट्यात अशा वस्त्या पावलोपावली आहेत आणि चोरीचा विषय निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, कॅमेरा कुठल्या कंपनीचा घेऊ. माझं म्हणणं, कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या. तेवढ्याच पैशात त्याच्या आधी करण्यासारखं बरंच आहे.

आधी घराभोवती एक चक्कर मारा आणि बघा आपल्याकडं नेण्यासारखं काय आहे आणि ते कुठल्या वेळेला एकटं पडतं. घरफोडीची भीती सगळ्यांनाच असते पण मळ्यातून जास्त करून जातं ते विहिरीवरची केबल, मोटर, ड्रिपच्या नळ्या, सोलरच्या प्लेटा, शेळ्या, भाव आला की चाळीतला कांदा नाहीतर झाडावरचं डाळिंब, आणि बांधावर चंदन असेल तर चंदन. आता वेळ बघा. शेतीच्या लाईटचं टाइमटेबल असतं, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री, आणि ते जसं आपल्याला पाठ असतं तसं चोरालाही माहीत असतं. केबल कापणाऱ्याला करंट असलेली तार कापायची नसते. त्यामुळं ज्या दिवसांत लाईट दिवसा असते त्या रात्री विहीर सगळ्यात जास्त उघडी, तारेत करंट नाही आणि पाणी भरायलाही कोणी रानात नाही. पहारा द्यायचाच असेल तर या रात्री द्या, रोज जागून काही होत नाही, चौथ्या दिवशी माणूस झोपतोच.

केबलचं जरा सविस्तर सांगतो कारण नुकसान तिथं सगळ्यात जास्त. चोराला केबल नको असते, आतलं तांबं पाहिजे असतं, वरचं प्लास्टिक जाळून तांबं भंगारात जातं. म्हणून पहिला उपाय असा की विहिरीपासून पेटीपर्यंतची (स्टार्टरच्या डब्यापर्यंतची) केबल उघडी ठेवूच नका, दोन-अडीच फूट खोल चारी काढून पाइपातून घ्या आणि जिथं ती जमिनीतून वर येते तिथं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात घालून खाली काँक्रीट भरा. विहिरीच्या कठड्यावर जी दोन-तीन हात केबल लोंबकळत असते तीच कापून ओढली जाते, तेवढा तुकडा पाइपात गेला आणि आत कठड्याला पट्टीनं आवळला की ओढायला लई वेळ लागतो, आणि आपल्याला तेच पाहिजे. दुसरं, पेटीपासून डीपीपर्यंतची (ट्रान्सफॉर्मरपर्यंतची) लांब केबल नवीन घेणारच असाल तर ॲल्युमिनियमची घ्या, भंगारात तिला तांब्याच्या मानानं फार कमी भाव येतो. फक्त साइज वरचा घ्यावा लागतो आणि तांब्याला जोड देताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, जोड तापतो, दोन्ही धातूंसाठी मिळणारा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची टोपी) वापरा, वायरमनला सांगितलं की कळतं त्याला. तिसरं म्हणजे केबलवर दर दोन-तीन हातांवर ऑइलपेंटनं नाव किंवा गट नंबर टाका. जाळल्यावर तो राहत नाही हे खरं, पण न जाळता विकणारेही असतात.

मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा) असेल तर तो लाईट गेली-आली की फोन करतो, चांगली गोष्ट, पण लाईट नसताना केबल कापली तर त्याला काही कळत नाही आणि चोरी तर तेव्हाच होते. त्यासाठी एक स्वस्त जुगाड आहे. केबलच्या सोबत त्याच पाइपातून एक बारीक दोन पदरी वायर टाका, विहिरीकडच्या टोकाला तिचे दोन्ही पदर एकमेकांना जोडून टाका आणि ते टोक केबललाच पक्कं बांधा, म्हणजे केबल ओढली की वायरही तुटली पाहिजे. घराकडच्या टोकाला १२ व्होल्टची बॅटरी, एक १२ व्होल्टचा रिले (कॉइलला करंट मिळाला की आपोआप बदलणारा छोटा स्विच) आणि एक सायरन. बॅटरीचा करंट त्या वायरीतून फिरून रिलेच्या कॉइलला येतो आणि रिले ओढलेला राहतो. वायर कुठंही तुटली की रिले सुटतो आणि सायरन सुरू. सायरन रिलेच्या एनसी पॉइंटवर (रिले सुटला की जोडला जाणारा) जोडायचा, एनओ वर (रिले ओढला की जोडला जाणारा) जोडला तर सायरन उलटाच वागेल, चोरी होईपर्यंत बोंबलेल आणि चोरी झाली की गप बसेल. साध्या रिलेला साधारण ३०-४० मिलीअँपियर लागतात, म्हणजे ७ एएच ची बॅटरी चार्ज न करता आठवडाभर जाते, आणि एक छोटी सोलर प्लेट लावली की बघायलाच नको. गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणारा पोरगा तासाभरात करून देईल. सायरन घरावर लावा, विहिरीवर नको, तिथं लावला तर पहिला तोच फोडतील.

आता घर. लोक पुढच्या दाराला दोन हजाराचं कुलूप लावतात आणि कोयंडा चार बारक्या स्क्रूवर असतो, पहारीचा एक दणका बास. कोयंडा आरपार नटबोल्टनं बसवा, नट आतल्या बाजूला. मागचं दार, मोरीचं दार, चाळीचं दार यांना पुढच्या दाराइतकंच मजबूत करा कारण पुढून कोणी येत नाही. फाटकाच्या बिजागऱ्या बघा, दोन्ही खिळे वर तोंड करून असतील तर कुलूप न तोडता फाटक उचलून बाजूला ठेवता येतं, वरची बिजागरी उलटी वेल्डिंग करून घ्या, दहा मिनिटांचं काम. पत्र्याचं घर असेल तर पत्र्याचे हूक बाहेरून पान्यानं सुटतात, निदान दागिने-पैसे असतात त्या खोलीवरच्या हुकांचे नट वेल्डिंगनं पक्के करा. कौलारू घरात कौलं काढूनच उतरतात, आतून जाळी मारली की तो प्रश्न मिटतो.

आणि हे मात्र आजच करा. वस्तीवर दरोडा पडतो तेव्हा चोर आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात. तुम्ही आरडाओरडा ऐकून उठता आणि दार उघडत नाही. पेपरात अशा बातम्या कितीदा वाचल्या असतील. बाहेरची कडी रात्रीपुरती निकामी करायची, एकतर काढूनच टाका आणि दिवसासाठी आतल्या कुलपाचं दार करा, नाहीतर झोपताना कडी उघड्या स्थितीत ठेवून तिला एक छोटं कुलूप अडकवा म्हणजे ती सरकतच नाही. शंभर-सव्वाशे रुपयांचं काम आहे, पण सगळ्या वस्तीनं केलं तरच उपयोग.

वस्तीवरून आठवलं, खरी सुरक्षा म्हणजे शेजारी आणि फोन. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून रात्री दोनला कोणी उठत नाही, फोनच करायचा. त्यातही एकानं दोघांना, त्या दोघांनी पुढच्या दोघा-दोघांना, असं आधी ठरवून ठेवा आणि कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, म्हाताऱ्या माणसांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. नाशिक, पुणे, नगर भागात बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, १८००२७०३६०० या टोल फ्री नंबरवर गावातल्या माणसानं निरोप सांगितला की तो आवाज जसाच्या तसा गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाईलवर कॉलनं जातो. तुमच्या गावात आहे का, तुमच्या घरातले सगळे नंबर त्यात घातलेत का, हे ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडं विचारा, वेळ पडल्यावर नाही, आत्ता. आणि पोलिसांना बोलवायचा ११२ नंबर आहेच. ११२ ला सांगताना "आमच्या मळ्यात या" म्हणून चालत नाही, त्या माणसाला तुमचा मळा माहीत नसतो, गाव, तालुका, कुठल्या फाट्यावरून आत, कुठलं मंदिर की पाण्याची टाकी, हे वाक्य पाठ करून ठेवा, पोरांकडूनही करून घ्या.

यात एक धोका आहे तो स्पष्ट बोलतो. "चोर आलेत" हा मेसेज जेवढा पटकन पसरतो तेवढाच पटकन खोटाही निघतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला तेच झालं, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. दोन्हीकडं आधी अफवा होत्या. म्हणून ग्रुपवर नियम करा, स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलंच टाकायचं, जागा आणि वेळ सांगून, पुढून आलेलं ढकलायचं नाही. अनोळखी माणूस दिवसा वस्तीवर फिरताना दिसला तर "कोणाकडं आलात भाऊ" एवढं नीट विचारा, गाडीचा नंबर लिहून ठेवा, बास. जातीवरून, कपड्यावरून चोर ठरवू नका, शेळ्या बऱ्याचदा ओळखीचाच माणूस दाखवून देतो. आणि एखादा सापडलाच तर हात लावू नका, पोलिसांना बोलवा. सामान्य माणसाला चोर पकडून ठेवता येतो पण नवीन कायद्यात सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावाच लागतो, आणि अंगावर आलेल्याला अडवणं म्हणजे स्वसंरक्षण, बांधून ठेवलेल्याला मारणं म्हणजे गुन्हा, त्यात तुमचीच पोरं आत जातील.

कुत्रं पाळा, गावठीच पाळा, दोन असली तर उत्तम. पण जुन्नर, संगमनेर, निफाड, सिन्नर या बिबट्याच्या भागात बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. रात्री त्याला पडवीत जाळीच्या आत ठेवा, भुंकायचं काम तिथूनही होतं. मोकळं सोडत असाल तर धनगर लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तसा घाला. अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही ही सवय लहानपणीच लावा, विष घातलेला तुकडा टाकून कुत्रं मारतात आणि मग दोन दिवसांनी येतात. कुत्रं अचानक मेलं तर सगळ्या वस्तीला त्याच दिवशी कळवा. शेळ्या-वासरांचा गोठा वरूनही बंद पाहिजे, बिबट्यासाठी केला की चोरासाठीही होतो, एका खर्चात दोन कामं.

कुंपणाचं थोडक्यात. कुठलंही कुंपण घालायच्या आधी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा आणि बांधावरची पूर्वापार वाट अडवू नका, नाहीतर चोर राहिला बाजूला आणि तहसीलदारांकडं तारखा सुरू. तारेला पैसे नसतील तर जिवंत कुंपण, घायपात, सागरगोटा, चिलार, करवंद. तीन-चार वर्षं लागतात पण मग त्यातून माणूस काय ससा पण विचार करून जाईल. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून थांबून करंट सोडणारं) लावायचं तर आयएसआय मार्क असलेलंच घ्या, ते सेकंदाला साधारण एक असा अगदी क्षणभराचा झटका देतं, त्यानं चटका बसतो पण माणूस तारेला चिकटून राहत नाही. तारेवर पिवळी पाटी लावा, शेजाऱ्यांना सांगा. घरातली लाईट थेट तारेत सोडायचं मनातसुद्धा आणू नका. दरवर्षी त्यात माणसं मरतात, बऱ्याचदा स्वतःच्याच घरातली नाहीतर पाणी भरायला आलेला शेजारी, आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा.

लाईटचं म्हणाल तर रात्रभर जळणारा हॅलोजन नको, त्याच्या मागच्या अंधारात माणूस उभा असला तरी दिसत नाही. माणूस आला की लागणारा सोलरचा दिवा चाळीच्या मागं, मोरीच्या बाजूला, फाटकावर, एवढे तीन लावा.

आता कॅमेरा. घेणारच असाल तर सिमकार्डवर चालणारा सोलरचा, कारण मळ्यात वायफाय नसतं आणि लाईट नेमकी रात्री जाते. आधी त्या जागेवर त्याच कंपनीच्या सिमला रेंज आहे का फोनवर बघा. एक कॅमेरा वस्तीला येणाऱ्या रस्त्यावर, गाडीचा नंबर दिसेल अशा उंचीवर, बाकी नंतर. घरावर उंच टांगलेल्या कॅमेऱ्यात तोंड बांधलेली चार माणसं दिसतात आणि पुढं काही होत नाही, म्हणून म्हणत होतो शेवटी घ्या.

कांदा विकल्यावर पट्टीचे (विक्रीच्या हिशोबाचे) पैसे खात्यावरच घ्या, घरात रोख ठेवू नका. आणि लग्नाला सगळे गेलात की तिथले फोटो परत आल्यावर स्टेटसला टाका, नाहीतर घर रिकामं आहे हे सगळ्यांना कळतं.

एवढं करूनही चोरी झाली तर काही हलवू नका, पुसू नका, आधी फोटो काढा, मग पोलीस. याच्यासाठी आज अर्धा तास काढून मोटरच्या, स्टार्टरच्या, सोलर पंपाच्या कंट्रोलरच्या नंबरप्लेटचे आणि बिलांचे फोटो काढून पोराच्या नाहीतर भावाच्या फोनवर पाठवून ठेवा. गाई-बैलांच्या कानातला बारा आकडी बिल्ला लिहून ठेवा, बिल्ल्याशिवाय जनावर बाजारात विकता येत नाही असा नियम १ जून २०२४ पासून आहे, त्यामुळं नंबर असला तर शोधायला काहीतरी हातात राहतं. नुसता तक्रार अर्ज देऊन परत येऊ नका, एफआयआर करून घ्या आणि त्याची कॉपी घ्या, ती फुकट मिळते. सरकारी योजनेतल्या सोलर पंपाला विमा असतो आणि त्याला एफआयआर लागतेच, प्लेटा गेल्या तर त्याच दिवशी ज्या कंपनीनं पंप बसवला तिलाही लेखी कळवा आणि कळवल्याची पोच घ्या.